चार प्रकारचं म्हातारपण

बायनाबाईला म्हातारपणाचा एकच प्रकार ठाऊक होता. माणूस थकतो, ओट्यावर बसतो, येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारतो आणि एक दिवस ओटा रिकामा होतो. म्हातारपणाचे चार प्रकार असतात आणि प्रत्येकाला वेगळी इमारत लागते, हे तिला दूध सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत समजलं. समजलं म्हणजे कानावर पडलं. डोक्यात ते काही शिरलं नाही, आणि डोक्यात शिरावं अशा बेतानं ते कुणी सांगितलंही नव्हतं.

दुष्काळाचं ते सलग तिसरं वर्ष. सोसायटीत दूध यायचं बंद झालं होतं, कारण म्हशी चारा छावणीत होत्या आणि छावणीतली म्हैस जगते तेच खूप. मांजरसुंब्याच्या फाट्याजवळ सोसायटीचं दूध थंड करायचं केंद्र होतं, त्यालाही कुलूप लागलेलं. आता रिकामी इमारत कुठल्या पुढाऱ्याला बघवते? चेअरमन मोहनराव संचालकांना घेऊन पुण्याला अभ्यास दौऱ्यावर गेले. असल्या दौऱ्यांतून आजवर संचालक मंडळी चिवड्याची पाकिटं आणि पोटाच्या तक्रारी घेऊन परत यायची. या खेपेला मोहनराव एक कल्पना घेऊन आले.

"पुण्याला म्हाताऱ्या माणसांच्या वसाहती हायेत," सभेत उभं राहून ते सांगू लागले. "वृद्धाश्रम न्हाई बरं का. वृद्धाश्रम म्हंजी टाकून दिलेल्यांचा. ही वसाहत. तिचे लई परकार. काही ठिकाणी पैसेवाले सवताचा फ्लॅट घेऊन राहत्यात, बाग काय, योगा काय. काही ठिकाणी माणूस सकाळी जातो, दिवसभर चार माणसांत बसतो आन् सांजच्याला घरी. आपुन आपल्या केंद्राच्या आवारात चार भाग करू. पयला, ज्याचं त्याला होतंय त्याचा. त्याला खोली, चूल, पाणी. बाकी त्याचा तो राजा. दुसरा, ज्याला आंघोळीला, गोळ्या घ्यायला कुणाचा हात लागतो त्याचा. तिसरा, जो खाटंवरून उठत न्हाई त्याचा. तिथं सिस्टर. आन् चौथा, ज्याला इसर पडतो त्याचा. त्याला फाटक, आन् फाटकाला कडी भाईरून."

"भाईरून कावून?" मागून कुणीतरी विचारलं.

"आतल्याला कडी काढायचं सुचाय लागलं तर तो चौथ्या भागातला कशाला ऱ्हाईल?" मोहनराव म्हणाले आणि सभा हसली.

मग ठराव वाचला गेला. जागा आधी सभासदांना. ज्याची जशी गरज त्याला तसा भाग, नवरा-बायको असले तरी. एकमेकांना भेटायची मुभा रोज संध्याकाळी. सूचक उठला, अनुमोदक उठला, "मंजूर, मंजूर" झालं. बायनाबाईची म्हैस पहिल्यापासून तिच्या नावावर, म्हणून ती सभासद. तिनंही सगळ्यांबरोबर हात वर केला. मंडपामागं तोवर बुंदीची कढई उतरली होती आणि सभासदांचं लक्ष वासाकडं होतं. सहकारात बरेचसे ठराव असेच पास होतात, त्यात तिनं वेगळं काही केलं नाही.

परत येताना शेजारच्या छबुबाईनं विचारलं, "मंग मी कितव्या परकारात गं?"

"तू हिंडतीस फिरतीस. पयल्यात."

"आन् गुडघा धरला म्हंजी?"

"दुसऱ्यात."

"दुपारी उन्हानं गुडघा मोकळा होतो माझा."

बायनाबाईनं बराच विचार केला. छबुबाईला सकाळी दुसऱ्या आणि दुपारी पहिल्या इमारतीत कोण पोचवणार, ते काही तिला उमगेना. सगळ्यात जास्त गोंधळ तिचा एका गोष्टीनं झाला होता, आणि ती गोष्ट तिनं छबुबाईला सांगितली नाही. चारही प्रकारांत माणसं एकेकटी धरली होती.

तिच्या मुलखात ऊसतोडीला माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको. तो तोडतो, ती मोळ्या बांधते, दोघं मिळून गाडी भरतात. एकट्या माणसाला म्हणतात अर्धा कोयता, आणि अर्धा कोयता मुकादम नाखुशीनंच घेतो. बायनाबाई आणि तिचा नवरा गहिनीनाथ यांनी जन्मभर असा एक कोयता चालवला होता. त्यात एक रीत होती, कुणी न शिकवलेली. एकाचं अंग मोडलं की दुसऱ्यानं त्याचं काम ओढायचं आणि मुकादमाला पत्ता लागू द्यायचा नाही, नाहीतर खाडा पडतो, मजुरी कापली जाते. गहिनीनाथ तापानं फणफणला होता तेव्हा बायनाबाईनं त्याच्या वाट्याची उसाची सरी तोडली आणि त्याला मोळीजवळ असा बसवला, की लांबून बांधतोय असंच वाटावं. मुलाच्या, रामहरीच्या वेळी ती फडावरच्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत बाळंतीण झाली, तेव्हा त्यानं दोघांचं काम ओढलं. झाकणं हे त्यांच्यात खोटं बोलणं नव्हतं. ते कामच होतं.

आणि आता गेली काही वर्षं बायनाबाई पुन्हा तेच काम करत होती. गहिनीनाथला विसर पडत होता.

पहाटे उठून तो कधीच विकलेल्या बैलांना पाणी दाखवायला जायचा. एकदा निघाला तो पार नारायणगडाच्या वाटेवर सापडला. "देवाला गेलते," असं तिनं सगळ्या वस्तीला सांगितलं आणि प्रसाद म्हणून घरचीच साखर वाटली. मुलाला म्हणाली, बापाला ऐकू कमी येतं. रामहरी अर्धं वर्ष ऊसतोडीला, त्याला ते पटलं. गहिनीनाथनं चुकीचं काही केलं की ती म्हणायची, मीच तसं सांगितलं होतं. त्यानं किल्ली हरवली की हिनं हरवली. हळूहळू तिच्या स्वतःच्याच डोक्यात त्याचं कुठलं आणि आपलं कुठलं याची सरमिसळ व्हायला लागली होती, पण त्याची तिला फिकीर नव्हती.

त्या वर्षी दिवाळीनंतर सगळी वस्ती ऊसतोडीला निघणार होती. विहीर कोरडी, टँकर आठवड्याला एकदा, आणि रामहरी पोराबाळांसकट जाऊन पुढं वीटभट्टीवरच राहणार होता. म्हातारा-म्हातारीला पाण्याचा ड्रम कोण ओढून देणार?

"माय, सोसायटीचं हाय ते. आपलंच हाय," तो म्हणाला. म्हणताना त्यानं तिच्याकडं बघितलं नाही. त्याला लाज वाटत होती, आणि दुसरा मार्गही दिसत नव्हता.

"मी कुठं न्हाई म्हनले? दोघं एका जागी असलो म्हंजी झालं," बायनाबाई म्हणाली.

हेच तिला हवं होतं, याहून जास्त काही नाही. त्यासाठी गहिनीनाथ पहिल्या प्रकारात बसायला हवा होता. ती तर आपोआप बसणारच होती.

ऊसतोडीची गाडी रामहरीला न्यायला फाट्यावर यायची, त्याच दिवशी केंद्रात तपासणी होती. रामहरी बोचकी घेऊन सोबत आला. केंद्राच्या व्हरांड्यात अंबाजोगाईहून नेमलेल्या सिस्टर, आडनाव मुळे, खुर्ची टाकून बसल्या होत्या. तरुण, मन लावून ऐकणारी बाई. बायनाबाईनं वाटेतच नवऱ्याला बजावलं होतं, "आवं, तुमी फकस्त चालायचंच म्हना. बाकी मी बगते."

"बाबा, तब्येत काय म्हणते?" सिस्टरनी विचारलं.

"चालायचंच," गहिनीनाथ हसून म्हणाला. त्याचं हसणं मोठं भारदस्त होतं. पांढऱ्या मिशा, स्वच्छ धोतर. बघणाऱ्याला वाटावं की हा माणूस पंच म्हणून बसत असणार.

"सकाळी काय खाल्लं?"

"भाकर आन् दूध."

घरात वर्षभर दुधाचा थेंब नव्हता. बायनाबाई लगेच पुढं सरकली. "दूध देते म्हनले मी त्यास्नी, आन् द्यायचंच इसरले बगा."

"आज वार कोणता बाबा?"

गहिनीनाथनं भलताच वार सांगितला. "त्यांचा वार माझ्यामुळं चुकतो सिस्टर. मी सकाळी एक सांगती, दुपारी एक."

"सूनबाईंचं नाव काय?"

गहिनीनाथनं आपल्या मेलेल्या बहिणीचं नाव सांगितलं. "मीच तिला त्या नावानं हाक मारती," बायनाबाई म्हणाली. "डोस्क्यात नावच ऱ्हात न्हाई माझ्या." इतक्यात गहिनीनाथ उठला आणि सिस्टरांच्या चपलेत पाय घालू लागला. "त्यांच्या चपला मी कुठं ठिवल्या काय की," असं म्हणत तिनं त्याला खाली बसवलं.

तिला वाटलं, सरी तुटली. एकही दांडा उभा राहिला नाही. सिस्टरनी तिच्याकडं फार मायेनं बघितलं, तेही तिला शुभच वाटलं.

दुपारी मोहनरावांनी निकाल सांगितला. "गहिनीनाथ, पयला भाग. बायनाबाई, चौथा."

बायनाबाई हसली. चेअरमन उलटं बोलून गेले असं तिला वाटलं. मग तिनं बघितलं, दुसरं कुणीच हसत नव्हतं.

"मी इसरत न्हाई ओ."

सिस्टरनी हळू मान हलवली. चौथ्या भागातला प्रत्येक माणूस हेच म्हणत असावा. मोहनराव तोंडावर रुमाल धरून दुसरीकडं बघू लागले. तिच्या लक्षात आलं की आता ती जे बोलेल ते तिच्या विसरण्याचाच पुरावा ठरणार आहे.

"मी चांगली हाय. इचारा काईबी. आज बुधवार."

"आज गुरुवार आहे आजी."

गुरुवार. काल टँकर आला होता, टँकर बुधवारी येतो, म्हणजे गुरुवारच. बायनाबाईनं बोटांवर पुन्हा मोजून बघितलं. वार तिचा कधी चुकला नव्हता. का चुकत होता, आणि सांगणारंच कुणी घरात नव्हतं? रोज त्याच्या चुकीच्या वाराला हो म्हणून, त्याचं खोटं खरं करून, आपलंही काही सांडत गेलं की काय? ती खाली बसली. भीती वाटली तिला, अगदी पोरासारखी.

गहिनीनाथ तिच्याकडं बघून हसत होता. त्याला पहिल्या भागात एकटं सोडलं तर पहाटे तो बैलांना पाणी दाखवायला निघणार होता, आणि समोर हमरस्ता होता. त्या विचारासरशी ती भानावर आली.

"सिस्टर," ती म्हणाली, "इसर त्यास्नी पडतो. मी झाकत आले. त्यास्नी एकट्याला इचारा, मी हितंच बसती."

रामहरी उठून उभा राहिला. "माय, काय बोलतीस?"

"ऐकू येतंय तुझ्या बापाला. तुला खोटं सांगितलं."

सिस्टर गहिनीनाथला खोलीत घेऊन गेल्या. फार वेळ लागला नाही. परत आल्या तेव्हा तो त्यांना विचारत होता, की मुकादम कुठं दिसेना, उचलीचे आगाऊ पैसे कधी मिळायचे. रामहरी बापाकडं पहिल्यांदाच बघत असल्यासारखा बघत राहिला.

"मंग सोपं झालं," मोहनराव म्हणाले. "बाबा चौथ्यात, बाई तुमी पयल्यात. सांजच्याला भेटायला जावा."

"आन् रात्री त्यांनी हाक मारली तर?"

"तिथं माणसं हायेत की."

"मी हाय की."

"बाई, नियम हाय. तुमीच हात वर केलता सभंत." मोहनराव वाईट माणूस नव्हते, आपण चांगलं काम करतोय यावर त्यांचा पक्का विश्वास होता, त्यामुळं त्यांच्याशी भांडणं आणखी अवघड होतं. "उद्या एकाला सूट दिली तर सगळेच येतील. दोघंबी एकाच परकारचे असते, तर एकच खोली दिली असती तुमाला. कुठल्याबी भागात."

हे मात्र बायनाबाईला समजलं. सभेपासून आजवर त्या चार प्रकारांबद्दल तिला समजलेलं हे पहिलंच वाक्य. गहिनीनाथला पहिल्या प्रकारात आणणं तिच्या हातात नव्हतं. दुसरी गोष्ट होती.

सिस्टर तिच्यासमोर बसल्या. "आजी, मघाशी तुम्ही घाबरला होतात. आता निवांत सांगा. आज वार कोणता?"

गुरुवार. आता ती झोपेतसुद्धा विसरली नसती.

"सोमवार असंल," बायनाबाई म्हणाली. "का शनवार? कुनाला ठावं."

सिस्टरनी तिच्याकडं नीट निरखून बघितलं. "सकाळी घरून कशानं आलात?"

"आमी हितंच ऱ्हातो की."

फाट्यावर ट्रकनं हॉर्न दिला. रामहरीनं बोचकं खांद्यावर घेतलं आणि परत खाली ठेवलं. सिस्टरनी त्याच्याकडं बोट केलं. "आणि हे कोण?"

याचा बायनाबाईनं विचारच केला नव्हता. वार चुकवता येतो, गाव चुकवता येतं. हे कोपीत उसाच्या पाचटावर जन्मलेलं पोर, त्याच्या कपाळावरची खूणसुद्धा तिच्या हाताला पाठ. तो आता जाणार होता आणि कधी परत येईल ते कुणालाच माहीत नव्हतं. तिला वाटलं, सांगून टाकावं, उठून त्याच्या तोंडावरून हात फिरवावा, होईल ते होईल. तिनं नवऱ्याकडं बघितलं. तो अनवाणी पायांनी जमिनीवर चपला चाचपत होता.

"मुकादमाचा मानूस असंल," ती म्हणाली. "गाडी आली म्हून सांगाया आलाय."

"माय?" रामहरी एक पाऊल पुढं आला.

तिनं त्याच्या पलीकडच्या भिंतीकडं नजर लावली. डोळे भरले तर सगळं उघडं पडलं असतं, म्हणून ती भिंतीवरचे पोपडे बघत राहिली.

सिस्टरनी रामहरीकडं बघितलं, मग तिच्याकडं. त्यांना कळलं की नाही, कोण जाणे. "एकच खोली द्या," शेवटी त्या मोहनरावांना म्हणाल्या. "चौथ्या भागात."

रामहरी वाकला आणि तिच्या पायाला हात लावला. परक्या माणसानं पाया पडावं तसं बायनाबाईनं पाय आखडते घेतले. "नीट जा बाबा," एवढंच म्हणाली, कुणालाही म्हणतात तसं.

तेवढ्यात गहिनीनाथनं मान वर केली. कितीतरी महिन्यांनी त्याची नजर स्वच्छ होती.

"आगं, आपला रामहरी हाय त्यो," तो म्हणाला. "ल्योक हाय तुझा. वळखंना व्हय?"

तिनं नजर भिंतीवरून हलवली नाही. त्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला, मग मुलाकडं वळून हळू आवाजात, तिला ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणाला, "मनाला लावून घिऊ नगंस. वय झालंय तिचं. तू जा कामाला, मी हाय तिच्यापाशी."

हॉर्न पुन्हा वाजला. रामहरी डोळे पुसत गेटाबाहेर गेला. गहिनीनाथनं बायनाबाईचा हात धरला, तिला उठवलं आणि खोलीकडं न्यायला निघाला. तो उलट्या दिशेला निघाला होता. सिस्टर बघत होत्या, म्हणून बायनाबाईनं त्याला वळवलं नाही. तीही त्याच्याबरोबर तशीच त्या उलट्या वाटेनं चालत राहिली.